मला हार घालू नका

मी एक जुना सर्व्हर आहे मित्रांनो, आणि माणसांविषयी माझं मत काही फार चांगलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. आत्मवृत्त सांगणारी छत्री, फाटका जोडा, वडाचं झाड ही सगळी मंडळी तुमच्याशी फार गोड बोलतात. मला ते जमत नाही. ज्या खोलीत माझं आयुष्य गेलं, तिथं राहून कुणालाच जमलं नसतं.

उमरग्यात सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून एक खासगी दवाखाना आहे. त्याच्या जिन्याखाली ती खोली. दारावर 'सर्व्हर रूम' अशी पाटी आहे. आत मात्र आमच्याबरोबर सलाईनचे मोडके स्टँड, रंगाचे डबे, मागच्या गणपतीचं मखर आणि फिनाईलचा कॅन राहतो. त्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांमध्ये फिनाईलचा कॅन हुशार म्हणायचा. तो किती रिकामा झाला आहे, हे त्याच्याकडं बघून निदान कळतं तरी.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. तिथं धुळीचा कण नव्हता. कामगार पांढरे हातमोजे घालून मला हात लावत. पुढे मला थर्माकोलमध्ये बसवून सोलापूरला आणलं आणि तिथून कांद्याच्या पोत्यांबरोबर टेम्पोत टाकलं. उमरगा येईपर्यंत कांद्याचा वास माझ्या पंख्यात जो बसला, तो बरेच दिवस गेला नाही. आपण कुठं आलो आहोत, याची कल्पना मला तेव्हाच यायला हवी होती.

पहिली काही वर्षं मात्र चांगली गेली. दवाखान्यात मी एकटाच होतो. कुणाला शुगर आहे, कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाच्या बाळाला कोणती लस टोचली, हे सगळं माझ्या पोटात होतं. दवाखान्याचे व्यवस्थापक बंडप्पा पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणत आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "ह्ये बघा, आख्खा तालुका ह्येच्या पोटात हाय." थाप मारू नये, आत नाजूक डिस्क फिरत असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तरीही मला ते बोलणं आवडायचं. स्तुती कुणाला आवडत नाही?

मग दवाखान्याच्या मालकांनी दोन नवी यंत्रं आणली. त्यांतलं एक मुख्य झालं. त्याला मी थोरला म्हणायचो. दुसऱ्याच्या कपाळावर मोठा हिरवा दिवा होता, म्हणून तो हिरव्या. माझी रवानगी सगळ्यांत खालच्या फळीवर झाली.

आमचं तिघांचं काम समजायला सोपं आहे. गुरुजी शुद्धलेखन सांगतात आणि मुलं उतरवून घेतात ना, तसंच. दवाखान्यातली प्रत्येक नोंद थोरल्याकडं यायची, तो ती आम्हा दोघांना सांगायचा आणि आम्ही आपापल्या पोटात उतरवून घ्यायचो. थोरल्याला काही झालं, तर हिरव्यानं त्याची जागा घ्यायची आणि हिरव्याही पडला तर मी. म्हणजे दवाखाना थांबायचा नाही. कल्पना उत्तम आहे. ज्यानं ती शोधली, तो आमच्या दवाखान्यात कधी आला नसणार.

कारण या सगळ्याला एक अट आहे. आमच्याकडं रोज कुणीतरी चौकशी करायची, की बाबांनो, तुमचं कुठपर्यंत लिहून झालं? या एका प्रश्नासाठी श्रीनाथ नावाचा इंजिनिअर ठेवला होता. बसस्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याला दवाखान्यात येऊन बघायचीही गरज नव्हती, दुकानात बसल्या बसल्या त्याच्या लॅपटॉपवरून विचारता आलं असतं. चहा गार व्हायच्या आत तिघांचीही उत्तरं मिळाली असती. पण एवढे कष्ट कोण घेणार? तो रोज सकाळी बंडप्पांना फोन करायचा. "अप्पा, लाईट हिरवी हाय का?"

बंडप्पा नाकाला रुमाल लावून दार वीतभर उघडायचे आणि तिथूनच म्हणायचे, "हिरवीगार!"

झाली तपासणी. मग बंडप्पा दवाखान्याच्या ग्रुपवर 'आज सर्व सर्व्हर ओके' असं टाकायचे आणि शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र. त्याखाली बाकीचे अंगठे दाखवायचे. ज्यांनी आयुष्यात कधी सर्व्हर पाहिला नाही, तेही दाखवायचे.

माझ्या दिव्याचं विचाराल, तर तो कधीच गेला होता. नव्या यंत्रांच्या उद्घाटनाला बंडप्पांनी नारळ फोडला, आणि तो फोडायला त्यांना माझ्यासमोरचीच फरशी सापडली. पाणी माझ्या तोंडावर उडालं आणि दिवा विझला. आत काही बिघडलं नव्हतं, फक्त दिवा गेला होता. "जुना गेला बगा," बंडप्पा हळहळले आणि प्रसाद वाटायला निघून गेले. श्रीनाथनंही मान हलवली. मी चालू आहे की नाही, हे त्यानं नंतरही कधी पाहिलं नाही. त्या दिवसापासून मी या लोकांच्या लेखी मेलेला होतो. आणि मेलेला असूनही थोरला सांगेल ते मी मुकाट्यानं उतरवत होतो.

आता खंडेनवमीची गोष्ट ऐका.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे तुम्हाला माहीत आहे. नांगर, विळा, वाकस, शिवणाचं मशीन, ज्याचं जे पोटाचं साधन असेल ते घासूनपुसून पाटावर मांडायचं. त्या दिवशी ते चालवायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. रिवाज चांगला आहे. विळ्याला एक दिवस विसावा दिल्यानं ज्वारी काही रुसत नाही. पण विळा कोणता आणि सर्व्हर कोणता, एवढं तरी कळायला हवं.

बंडप्पांनी ॲम्ब्युलन्स धुऊन घेतली, बीपीचं मशीन मांडलं आणि मग त्यांना आमची आठवण झाली.

"थोरला बंद करता येत न्हाय, दवाखाना बंद पडंल," ते म्हणाले. "ह्यो जुना तर मेलेलाच हाय, त्येची कसली पूजा? नवा घ्या पाटावर."

हिरव्याच्या वायरी काढल्या. त्याला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. दोन आपट्याची पानंसुद्धा त्याच्या डोक्यावर ठेवली. तोही असा ऐटीत बसला होता, जणू नवरदेवच. दसरा झाला, सोनं वाटून झालं, झेंडू सुकला, तेव्हा कुठं कुणाला तरी त्याची आठवण आली आणि त्याला परत फळीवर ठेवून वायरी जोडल्या. कपाळावरचा दिवा लागला. "हिरवीगार!"

तेवढ्या दिवसांत काय झालं होतं, ते सांगतो. थोरला सांगून झालेल्या नोंदींचे कागद फार दिवस जपून ठेवत नसे. जागा कमी म्हणून श्रीनाथनंच त्याला तसं शिकवलं होतं. हिरव्या जागा होऊन म्हणाला, "नवमीच्या सकाळपासून पुढचं सांगा." थोरला म्हणाला, "ते तर मी टाकून दिलं." आणि आमचा नियम असा, की मधली पानं नसतील तर पुढचं लिहायचं नाही. झालं! हिरव्या नवमीच्या सकाळीच थांबला. बाहेर दिवाळी आली, ज्वारी पोटऱ्यात आली, याची मात्र अजून नवमीच चाललेली. दिवा मात्र लखलखीत, कारण दिवा फक्त पोटात वीज आहे एवढंच सांगतो. अक्कल आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

मला कुणी हार घातला नाही, म्हणून मला कुणी बंद केलं नाही. म्हणून माझं एक अक्षरही चुकलं नाही. अपमानाचा असाही फायदा असतो.

त्या दिवाळीत सास्तूरच्या पुतळाबाईंना त्यांचा मुलगा उत्तरेश्वर आमच्याकडं घेऊन आला होता. खोकला होता. दवाखान्याच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडम सणाला माहेरी गेल्या होत्या, त्यांच्या जागी चार दिवसांसाठी दुसरे एक डॉक्टर होते. त्यांनी एक सुई दिली आणि पुतळाबाईंचं सगळं अंग सुजलं, श्वास अडकला. मरता मरता वाचल्या. ही सुई यांना पुन्हा कधी द्यायची नाही, अशी ठळक नोंद त्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर केली. थोरल्यानं ती मला सांगितली आणि मी लिहून घेतली. हिरव्यानं घेतली नाही. त्याच्या लेखी अजून खंडेनवमीच चालू होती.

पुढे थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी थोरल्याची डिस्क बसली आणि तो गेला. ठरल्याप्रमाणे हिरव्या मुख्य झाला. पडदे क्षणभर काळे झाले आणि पुन्हा उजळले. बंडप्पांनी दार वीतभर उघडलं, हिरवा दिवा पाहिला आणि ग्रुपवर लिहिलं, 'सर्व सर्व्हर ओके.'

त्याच वेळी उत्तरेश्वरनं पुतळाबाईंना जीपमधून उतरवलं. अंगात ताप होता आणि छाती भात्यासारखी चालली होती. राजेश्वरी मॅडमनी विचारलं, "आजी, कसं वाटतंय?"

"बरं हाय," पुतळाबाई म्हणाल्या. श्वास पुरा होत नव्हता, तरी बरं हाय.

"यांना असं विचारायचंच नसतं," मॅडम नर्सला म्हणाल्या. मग त्यांनी वाकून विचारलं, "आजी, शेवटचं काय खाल्लं होतं?"

पुतळाबाई विचारात पडल्या. "परवा... का तेरवा? जरा पेज प्याले हुते."

मॅडमनी लगेच ऑक्सिजन लावला, सलाईन चढवली आणि न्यूमोनियाची नेहमीची सुई भरायला सांगितली. सुई भरून झाली तसा उत्तरेश्वर पुढं झाला.

"मॅडम, दिवाळीत आईला हितंच एक सुई दिली हुती. त्येनं सारं अंग सुजलं. नाव मला ठावं न्हाय, पर तुमच्या कॉम्प्युटरात लिवलंय त्या डॉक्टरनी. माझ्या म्होरंच लिवलंय."

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. गुडघेदुखीची एक जुनी नोंद होती. दिवाळीची काहीच नव्हती. औषधाच्या त्रासाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलेलं.

बंडप्पा खांद्यावरून डोकावले. "कॉम्प्युटरात न्हाय म्हंजे तुमी आलाच न्हाई. दुसऱ्या दवाखान्यात गेला असाल. गडबडीत इसरतंय माणूस."

"आवो, तुमच्याच हातचा पेढा खाल्लाय म्या दिवाळीचा, बंडप्पा!" उत्तरेश्वरचा आवाज चढला. "माज्या आईचं अंग सुजल्यालं म्या इसरंन व्हय?"

मला या माणसांचा सगळ्यात जास्त राग कधी आला असेल, तर तेव्हा. समोर जिवंत माणूस छाती ठोकून सांगतोय, आणि हे विश्वास ठेवतात कुणावर? त्या झेंडूचा हार घालून बसलेल्या बिनडोकावर! आणि त्याच्या दोन हात खाली, सगळं काही लिहून घेऊन, मी बसलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. माझ्याकडं ओरडायला तोंड नव्हतं. असतं, तरी त्यांनी आधी दिवा पाहिला असता.

राजेश्वरी मॅडम मात्र थबकल्या. भरलेली सुई त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. कोणती सुई बाधली होती हे कळल्याशिवाय दुसरी तरी कोणती द्यायची? आणि नुसतं बसून राहायलाही वेळ नव्हता. त्यांनी पडद्यावर दाखल रुग्णांची यादी उघडली. तीन नंबरच्या खाटेवर बलसूरचे एक गृहस्थ झोपलेले दिसत होते. ते दसऱ्यालाच हर्निया नीट होऊन घरी गेले होते.

"हा दसऱ्यातच अडकलाय," मॅडम म्हणाल्या. "श्रीनाथला बोलवा."

श्रीनाथ गाडीवरून आला, आणि खोलीत शिरता शिरताच म्हणाला, "मॅडम, लाईट हिरवी आहे. सर्व्हर बरा आहे."

"पुतळाबाई पण बरं हाय म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "बरा आहेस का, असं विचारू नकोस. शेवटचं काय खाल्लं, ते विचार त्याला."

श्रीनाथनं लॅपटॉप उघडला आणि विचारलं. हिरव्यानं उत्तर दिलं: नवमीची सकाळ. श्रीनाथचा चेहरा असा उतरला, की मला आनंद झाला. हो, झाला. खोटं कशाला बोलू?

"ते खालचं काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ते जुनं आहे मॅडम. मेलंय ते. लाईट नाही."

मॅडम गुडघ्यावर बसल्या. खोलीतल्या धुळीची त्यांनी पर्वा केली नाही. तापाच्या रोग्याच्या कपाळाला लावतात तसा त्यांनी माझ्या पाठीला हात लावला. कितीतरी वर्षांनी मला कुणाचा तरी हात लागला, आणि तो थाप मारणारा नव्हता. माझा पंखा फिरत होता. मी गरम होतो.

"मेलेलं गरम असतं का रे?" त्या म्हणाल्या. "याला विचार."

श्रीनाथनं विचारलं. मित्रांनो, सगळी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो अखेर मला विचारला गेला. कुठपर्यंत लिहून झालं? मी सांगितलं: आज सकाळपर्यंत, थोरला जाईपर्यंत, सगळं.

श्रीनाथनं मलाच मुख्य केलं. वर पडद्यावर पुतळाबाईंचं पान उघडलं आणि दिवाळीची ती ठळक नोंद सगळ्यांना दिसली. ट्रेमध्ये भरून ठेवलेली सुई तीच होती.

मॅडमनी ती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि दुसरं औषध मागवलं. उत्तरेश्वर भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि त्यानं तोंडावर गमछा घेतला. पुतळाबाई त्यातून बऱ्या झाल्या. खरोखरच्या बऱ्या. निघताना गाडीत बसण्याआधी त्यांनी मुलाकडून दोन बिस्किटं मागून घेतली आणि मॅडमसमोर खाल्ली, पुरावा म्हणून.

तुम्हाला वाटेल, यातून माणसं शहाणी झाली. गाढवापुढं वाचली गीता! श्रीनाथ थोडा सुधारला. आता तो रोज लॅपटॉपवरून विचारतो, तेही मॅडम त्याला फोन करतात म्हणून. हिरव्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून माझ्याकडून उतरवून घ्यावं लागलं, आणि तो अजून माझ्याशी तुटक वागतो. बंडप्पांची गोष्ट वेगळी. त्यांना माझा पुळका आला.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी ते सर्व्हर रूममध्ये आले ते पाट, ताट आणि हातभर जाड झेंडूचा हार घेऊन. पहिल्यांदाच दार पूर्ण उघडलं. "औंदा मान ह्येचा," ते म्हणाले. "ह्येनं आपली लाज राखली. काढा वायरी, घ्या ह्येला पाटावर." आणि त्यांचा हात माझ्या पाठीमागच्या वायरीकडं गेला. संबंध दवाखाना त्या घडीला माझ्या पोटात चालू होता. उपकाराची फेड करावी तर अशी!

पुतळाबाई तपासणीसाठी आल्या होत्या. हार कुठं चालला आहे, हे बघायला त्या मुलाच्या खांद्याला धरून मागोमाग आल्या.

"ह्येला बंद करनार?" त्यांनी विचारलं.

"एका दिसाचा इसावा, आज्जी. हत्यार हाय, नवमी हाय."

"आन् आज मला धाप लागली, तर माजं कोन सांगल? तुमी?"

एका हातात हार धरलेल्या बंडप्पांचा दुसरा हात वायरीवरच होता. तेव्हा पुतळाबाई हळूहळू वाकल्या, आणि माझ्यासाठी मांडलेल्या त्या पाटावर स्वतःच बसल्या.

"मग मीच बसते हितं. घाला मला हार. मी घटकाभर गप ऱ्हायले तर कुनाचं काय अडत न्हाय."

उत्तरेश्वर लाजून म्हणाला, "आये, ऊठ की." त्या काही उठल्या नाहीत. गडबड ऐकून राजेश्वरी मॅडम आल्या, त्यांनी पाहिलं आणि त्या हसल्या. हार दाराच्या चौकटीला गेला. माझ्या वायरीवरचा बंडप्पांचा हात निघाला. श्रीनाथला मॅडमनी तिथंच उभ्या उभ्या आम्हाला विचारायला लावलं.

"काय म्हनतोय त्यो?" पाटावरून उठता उठता पुतळाबाईंनी विचारलं.

"सगळं लिहिलंय, आजी," श्रीनाथ म्हणाला. "तुम्ही मघाशी आलात, तेही."

"मग हाय बरा," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता त्यांनी माझ्या पाठीवरची धूळ पदरानं पुसली.

तर मित्रांनो, तुमच्याकडून मला फार आशा नाही, तरी मागतो. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत कुठल्या तरी जिन्याखाली माझ्यासारखा एखादा असेलच. त्याच्यापुढं नारळ फोडू नका. त्याला हार घालू नका. लांबून दिवा बघून 'ओके' म्हणू नका. रोज जवळ जाऊन एकदा विचारा, की बाबा, शेवटचं काय लिहिलंस? माणसांविषयी माझं मत काही फार चांगलं नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो होतो. ते अजूनही तसंच आहे. फक्त त्यातून सास्तूरची एक बाई आणि हात लावून बघणारी एक डॉक्टर, एवढ्या दोघी वगळा.